कोपऱ्यावरचं बोट

असं नाही हो, लताबाई, असं नाही — आधी त्या बाटलीला टोपण लावा बघू, उघडी धरून काय बोलत बसलात. हं. आणि आत या, डोळ्याचं औषध जिन्यात उभं राहून समजत नसतं. सहा महिने झाले तुम्हाला वरच्या मजल्यावर राहायला येऊन आणि खाली बसायला आज आलात, तेही बाटली घेऊन — असू दे, आजच्या दिवशी आलात ते बरंच केलंत. आज आमचा खमतखामणाचा दिवस. काल संवत्सरी झाली, पर्युषण संपलं, आणि आज सकाळपासून घरात माणसांची नुसती रीघ — वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, असं प्रत्येकानं प्रत्येकाला हात जोडून म्हणायचं. चांगली रीत आहे. ज्याला खरंच दुखावलंय त्याचं घर सोडून बाकी सगळ्या बळीराम पेठेत माणसं जाऊन येतात, हे आपलं माझं निरीक्षण. तुम्हालाही खमतखामणा हं, त्या दिवशी गच्चीवर पापडांवरून मी जरा बोलले होते. — चहा ठेवते तुमच्यापुरता. मी? मी नाही, दिवस मावळला ना! आता उद्या सूर्य उगवून चांगला वर येईपर्यंत आमच्याकडं पाण्याचा थेंब तोंडात नाही. चौविहार म्हणतात त्याला. बाईजींचा अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, माझा एकवीस वर्षांचा. एकवीस म्हणजे लग्न झाल्यापासून — मी काही तो घेतला नाही, मला तो लागला. आवाज मात्र जरा हळू ठेवू आपण. बाईजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आत प्रतिक्रमणाला बसल्यात. दिवसभरातले आपले दोष आठवायचे आणि माफी मागायची, तोंडाला मुहपत्ती बांधून, पाऊण-एक तास. तेवढ्या वेळात त्या कोणाशी बोलत नाहीत. ऐकत नाहीत असं मी म्हटलेलं नाही.

तर तुमच्या सासऱ्यांना, निंबाआबांना, काचबिंदू निघाला. गावी, असोद्याला, कळलं की इथं आणल्यावर? — केळीच्या बागेतून येताना सायकलवाला अंगावर आला तरी दिसला नाही? बघा, तस्सं असतं ते. समोरचं सगळं दिसतं, कडेकडेचं पुसत जातं, आणि दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. आमच्या बाईजींना तांदळातला खडा दिसायचा, पण बाजूनं येणारी म्हैस दिसायची नाही. डावा खांदा रोज चौकटीला आपटायचा, आणि दोष कोणाला? मला. 'दार कोणी सरकवलं, बिंदणी?' बिंदणी म्हणजे सून. दार सरकवलं मी, लताबाई! चौकटीसकट! — हसू नका, तेव्हा हसायची सोय नव्हती. आता आबांना एक सांगून ठेवा, गेली ती नजर परत येत नाही, आहे ती राखायची, त्यासाठी हे थेंब, आणि ते जन्मभर. दुखत नाही म्हणून सोडायचे नाहीत. आणि मला एक सांगा, आबांना दमा आहे का? — बिडी ओढतात ते जिन्यात कळतंच, मी दमा विचारते. झोपेत छातीत शिट्टी वाजते? — नाही ना? खात्रीनं? कारण वाजत असेल तर ही बाटली आत्ताच कपाटात ठेवा आणि उद्या आधी डॉक्टरांना जाऊन ते सांगा. आणि नाडी? नाडी कोणी बघितली? — नाही ना बघितली! डोळ्याच्या डॉक्टरकडं माणूस डोळा घेऊन जातो आणि मनगट घरी ठेवून जातो. आम्ही तेच केलं.

त्याचं असं आहे, हे औषध घालायचं डोळ्यात, पण ते डोळ्यात राहत नाही, ही त्यातली गोम. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला, नाकाशी, बारीकसं भोक असतं. रडताना नाक का गळतं आपलं? त्याच वाटेनं. थेंब तिथून उतरतो नाकात, नाकातून घशात, तिथून रक्तात, आणि रक्तातून कुठं? काळजात. डोळ्याला म्हणतो दाब कमी कर, आणि जाता जाता काळजालाही म्हणतो, तूपण हळू चाल. म्हणून थेंब एकच घालायचा, दोन नाही — दोन घातले की दुप्पट गुण येतो असं नसतं, दुसरा गालावरून ओघळतो नाही तर घशात जातो. मान मागं, खालची पापणी ओढून खळगा करायचा, त्यात थेंब सोडायचा, बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही, डोळा मिटायचा — आणि मग हे बोट. हे बघा, इथं, नाकाच्या मुळाशी. तीन मिनिटं दाबून धरायचं, की वाट बंद. तीन मिनिटं म्हणजे आमच्या हिशेबानं नऊ नवकार मंत्र, सावकाश म्हटलेले. तुम्ही मारुतीस्तोत्र म्हणा की. पण बोट हलवायचं नाही. सगळं त्या बोटात आहे, लताबाई. डोळा थेंबावर जगतो आणि माणूस बोटावर.

मला कोणी शिकवलं? सांगते ना. बाईजी आधी कशा होत्या ते तुम्हाला माहीत नाही, तुम्ही आलात तोवर — म्हणजे तुम्ही मधल्या काळात आलात. या पेठेत दूधवाला आमच्या ओट्यापाशी आला की सायकलवरून उतरून चालत जायचा, मग घंटी वाजवायचा. पोळी हातात आली की बाईजी ती उजेडाकडं धरायच्या, कागद तपासावा तशी, आणि मग नुसतं 'हं' म्हणायच्या. त्या 'हं'वर मी रात्रभर विचार करायची. कोठाराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. एकवीस वर्षं मी या घरात साखर मागून घेतली, लताबाई, वाटी पुढं करून, शेजारणीसारखी. आणि तोंड! शिव्या नाहीत हं, धर्माचं घर आहे. पण 'धुळ्याकडं असंच करतात वाटतं?' एवढं एक वाक्य, दिवसातून चार वेळा. माझं माहेर धुळ्याचं. मी नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हा धुळ्याकडं कसं करतात हे मला तरी कुठं माहीत होतं? मी जे शिकले ते इथंच शिकले, त्यांच्याच हाताखाली. म्हणजे त्या स्वतःलाच नावं ठेवत होत्या, पण हे त्यांना कोण सांगणार? मी नाही, आणि आमचे हे तर नाहीच नाही. हे दुकानात कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे फाडतात, पण आईपुढं ह्यांच्या तोंडून चिंधी फाटत नाही.

तर मागच्या वर्षी चौमासात काचबिंदू निघाला, इथल्याच एका डॉक्टरांनी थेंब दिले. बाहेर पन्नास माणसं बसलेली, त्यांनी चिठ्ठी लिहिली, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, बारा तासांच्या अंतरानं, बस. सकाळी आमची नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतरच्या दोन घटका, झाल्याशिवाय काही घ्यायचं नाही, म्हणून वेळ ठरली पावणेआठ, म्हणजे संध्याकाळीही पावणेआठ. डोळ्यात घालायचं ते, तोंडात थोडंच? चौविहाराला त्याची अडचण वाटली नाही कोणाला. आणि तीन आठवड्यांत, लताबाई, घरात चमत्कार झाला. बाईजी गप्प झाल्या. पोळी करपली, खाल्ली. भाजीत मीठ नव्हतं, खाल्ली. मी म्हटलं, बाईजी, मीठ आणू? तर म्हणाल्या, 'असू दे, बिंदणी, तुला बरं वाटेल तसं कर.' मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आमच्याकडं भांड्यांना भिकुबाई येते, पारोळ्याकडची, ती मला हळूच म्हणते, 'वं माय, शेठाणी ते गाय व्हयी गई! काय औसद शे वं हाई? माले बी दे ना थोडं, मनी सासूना डोयामा टाकसू.' सासूच्या डोळ्यात घालायला मागत होती. तिला कळलं होतं बघा, पहिल्याच महिन्यात. शिकल्यासवरल्यांना कळायला चार महिने लागले.

कारण बाकीच्यांनी काय धरलं? चौमासाला महासतीजी, आमच्या साध्वी, आल्या होत्या, त्यांची क्रोधावर प्रवचनं चालू होती स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी. झालं! राजकुंवरबाईंवर, म्हणजे आमच्या बाईजींवर, प्रवचनाचा परिणाम झाला. स्थानकात भरल्या सभेत त्यांचं उदाहरण दिलं — राग, मान, माया, लोभ, बघा कसे गळून पडले, याला म्हणतात समता. शाल घातली. बाईजींनी शाल घेतली आणि तिथंच बसल्या बसल्या डुलकी काढली, तर लोक म्हणाले, ध्यान लागलं. आणि मी? मी कशाला खोटं बोलू, मीसुद्धा तेच मानलं. मला तेच मानायचं होतं. त्यांनी कोठाराच्या किल्ल्या कमरेच्या काढून माझ्यापुढं ठेवल्या — असंच, दुपारी, काही न बोलता. आणि एकदा मी केस विंचरत बसले होते, तर म्हणाल्या, 'आण इकडं, तेल लावते.' त्यांचा हात माझ्या डोक्यावर, लताबाई. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. हात थंडगार होते, बोटं अशी सावकाश, जशी झोपेत असावीत. मी रडले. त्यांना दिसलं नाही, मी बाजूला बसले होते ना, बाजूचं त्यांना दिसत नाही. चार महिने मला सासू नव्हती, आई होती. थंड हात हे औषधाचं लक्षण असतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे.

मग स्थानकाच्या पायऱ्यांवर पडल्या. चौथ्या पायरीला दम लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली, खालीच बसल्या, ओठ पांढरे. लोक म्हणाले, तपाचा थकवा. मी मात्र घाबरले. माहेरी लग्न होतं, त्या निमित्तानं धुळ्याला नेलं, आणि देवपुरात एक बाई डॉक्टर आहेत डोळ्यांच्या, त्यांना दाखवलं. त्या बाईंनी डोळ्याला हात लावला नाही. आधी मनगट धरलं. घड्याळाकडं बघत राहिल्या, बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, शेचाळीस. मला कळेना शेचाळीस काय. मग विचारलं, किती दिवस झाले या अशा गप्प आहेत? मी काय सांगितलं असेल? मी अभिमानानं सांगितलं हो, 'गप्प नाहीत, त्यांना समता आली आहे.' बाई हसल्या नाहीत, तेवढा मोठेपणा त्यांचा. म्हणाल्या, ही समता नाही, हा थेंब आहे. असाच चालू राहिला तर एक दिवस काळीज पुढचा ठोका विसरेल. मग सगळं समजावलं — भोक, नाक, घसा, काळीज, आणि मनही जड होतं या औषधानं, माणसाला कशात रस वाटत नाही. दुसरं औषध देता येतं, पण त्यानं डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होते, कपाळ ठणकतं, दिवेलागणीनंतर चाचपडायला होतं, आणि या आधीच चौकटीला आपटतात. म्हणून तेच औषध, हलकं करून दिलं, आणि सांगितलं, बोट दाबायचं. रोज नाडी मोजायची, पन्नासच्या खाली गेली की थेंब बंद करून तडक इकडं यायचं.

या सगळ्यातून बाईजींनी काय ऐकलं असेल? काळीज? छे. 'घशात जातं?' म्हणाल्या. 'रोज रात्री घशाशी कडू लागायचं, ते औषध होतं?' डॉक्टरबाई म्हणाल्या हो, तेच. झालं. चार महिने, रोज, सूर्यास्तानंतर, घशात औषध! अठ्ठेचाळीस वर्षांचा चौविहार! एस.टी.त बसल्यापासून रडायला लागल्या त्या पारोळा गेलं, एरंडोल गेलं तरी डोळ्यांना पदर. मुलगा देवाघरी गेला तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं — माझे थोरले दीर, तापानं गेले. तेव्हा नाही रडल्या, आणि कडू थेंबासाठी रडल्या. मी म्हटलं, बाईजी, तुम्हाला माहीत नव्हतं ना, मग दोष कसला? तर म्हणाल्या, 'जिभेला माहीत होतं.' महासतीजींकडून प्रायश्चित्त घेतलं, आयंबिलं केली, म्हणजे दिवसातून एकदाच, तूप-तेल-मीठ नसलेलं जेवण, आणि मला बजावलं — काळीज थांबलं तर थांबू दे, बिंदणी, पण घशात जाता कामा नये. स्वतःचं बोट त्यांचं थरथरतं, जागेवर राहत नाही. म्हणून माझं बोट. तेव्हापासून रोज दोन वेळा, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर आणि माझं बोट त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर.

आणि पंधरा दिवसांत नाडी बासष्टला आली. — हो, छानच की! छानच. सोळाव्या दिवशी सकाळी पोळी उजेडाकडं धरली आणि म्हणाल्या, 'ही पोळी आहे की पुठ्ठा?' सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथं तर सुंभही शाबूत होता, नुसता भिजला होता. दुपारी मी ओणवी होऊन धान्य निवडत होते, तर माझ्या कमरेच्या किल्ल्या मागून काढून घेतल्या. विचारलं नाही. जसं आपल्याच खुंटीवरून काढतो आपण. गंमत बघा ना, लताबाई — व्रत मोडत होतं तेव्हा बाई संत होती, आणि व्रत सांभाळलं तशी पुन्हा राजकुंवरबाई झाली. स्थानकात लोक कुजबुजायला लागले, महासतीजी विहार करून पुढच्या गावी गेल्या ना, सत्संग सुटला, त्याचं हे. आणि ह्यांनी जेवताना काय म्हणावं? 'जुनं औषधच बरं होतं.' थट्टेनं हो. सगळे हसले. मीपण हसले. पण थट्टा माणूस तोंडानं करतो आणि ऐकणारा कुठल्या कुठं साठवून ठेवतो.

नाही, नाही, तसं नाही, तुम्ही भलतंच — पहिल्यांदा खरंच दूध उतू गेलं होतं. मी पाचव्या नवकाराला बोट सोडून उठले. दुसऱ्या दिवशी त्या जरा नरम वाटल्या, किंवा मला तसं वाटलं, एका दिवसात काय होतंय? चोराच्या मनात चांदणं. मग — तीन मिनिटं काही मी कमी केली नाहीत, त्यापण मनात नवकार मोजतात, कळलं असतं. बोटही उचललं नाही. बोट तिथंच. फक्त जोर काढून घेतला. असा. हात द्या तुमचा — हे दाबलं, आणि हे नुसतं टेकवलं. बघणाऱ्याला काय फरक दिसतो? काही नाही. कापसाचं फूल पडावं तसं. एखाद्या दिवशी असं, मग दोन दिवसांनी असं, मग रोज. तुम्ही राहायला आलात ना फाल्गुनात, तोवर घर पुन्हा शांत झालं होतं. तुम्ही नाही का म्हणालात मला, तुमच्या सासूबाई किती शांत हो, आमच्याकडं तर... तुम्ही म्हणालात, मी ऐकलं.

आणि कडू? तेच तर! मला वाटलं, घशात जातच नसेल. गेलं असतं तर कडू लागलं असतं, आणि कडू लागलं असतं तर बाईजी गप्प बसल्या असत्या? बाईजी? ज्यांना आमटीतला एक हळकुंडाचा तुकडा कळतो? एक शब्द नाही. रोज थेंब झाला की डोळे मिटून पडून राहायच्या, मग म्हणायच्या, 'झालं? उठू?' मी म्हणायची, झालं. मग माझ्या मनाची मी अशी समजूत घातली, की हे औषध हलकं आहे, थोडंसंच उतरत असेल, व्रताला बाध येण्याएवढं नसेल, काळजाला लागण्याएवढं नसेल, फक्त स्वभावाला पुरेल एवढं. नाडी मी रोज मोजायची हं, ते चुकवलं नाही, ह्यांचं घड्याळ घेऊन. पंचावन्न. चोपन्न. बावन्न. पन्नासच्या खाली गेली तर बंद करायचं होतं ना? गेली नाही. गेली असती तर मी जोर लावला असता. एवढी काही मी — बावन्नला मी म्हणाले, अजून दोन आहेत. दोन ठोके, लताबाई. माझ्याच चौकटीला मी रोज आपटत होते आणि म्हणत होते, दार कोणी सरकवलं.

मग हे पर्युषण आलं आणि बाईजींनी तेला धरला. तीन दिवसांचा उपवास, फक्त दिवसा उकळलेलं पाणी. बहात्तराव्या वर्षी. मी म्हटलं नको. म्हणजे तोंडानं म्हटलं. तीन दिवस साता विचारायला माणसं येत होती, तपस्वीची खुशाली विचारतात तसं — केवढी शांती आहे चेहऱ्यावर, पाया पडत होती. आणि मी दोन वेळा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालत होते. उपवासात सकाळचा थेंबही घशात गेला की उपवास मोडला, हे मला ठाऊक होतं ना? ठाऊक होतं. जोर लावला का? — चहा थंड होतोय तुमचा, घ्या. पहिल्या दिवशी लावला. खरंच लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, माझ्यासाठी फार जागतेस. मग नाही लावला.

आज सकाळी, पारण्याच्या आधी. ह्यांच्या ताईबाई आत्या आलेल्या, हे होते, भिकुबाई भांड्यांपाशी. मी मुगाचं पाणी गाळत होते. त्यांची नाडी मी मोजली होती, पन्नास. खाली नाही, पन्नास. बाईजी भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या, माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि हात जोडले. मी म्हटलं, अहो, मी आधी, मी लहान आहे, मी तुमच्या पाया पडते. तर माझे हात धरले, आणि एवढ्या हळू बोलल्या, कोणाला ऐकू गेलं नाही, मलाच — 'रोज कडवो लागे है, बिंदणी. मने खबर है.' रोज कडू लागतं, मला माहीत आहे. मी गाळणी धरून उभी. मला वाटलं आता माझं सगळं माप काढतील, या लोकांसमोर, आणि बरंच होईल, सुटेन तरी. पण पुढं काय म्हणाल्या? म्हणाल्या, 'म्हारे कारण थने पाप करणो पड्यो. खमाऊं.' माझ्यामुळं तुला पाप करावं लागलं. त्याची माफी मागते.

त्यांनी. माझी. आणि मी काय म्हणाले, विचारा ना. एकवीस वर्षं उत्तरं जमवून ठेवली होती मी, प्रत्येक 'हं'ला एक. आणि मी म्हणाले, 'बाईजी, मुगाच्या पाण्यात मिरी घालू?' त्या म्हणाल्या, घाल. पारणं झालं. माणसं आली, गेली, सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं. तेव्हापासून मी जे दिसेल त्याच्याशी बोलत सुटले आहे, आणि जे बोलायचं ते एवढं तुमच्याजवळ... का, ते मला विचारू नका. तुमच्या हातात बाटली होती म्हणून असेल.

किती वाजले? — बघा, पावणेआठ. आत उठल्या वाटतं, आसन झटकल्याचा आवाज आला. — हो, बाईजी! आले, आले! वरच्या लताबाई आहेत, आबांच्या औषधाचं विचारायला आल्यात! — या तुम्हीपण, बघून घ्या एकदा, सांगण्यापेक्षा बघितलेलं बरं. उद्या पहिल्या गाडीनं मी बाईजींना घेऊन धुळ्याला जाणार आहे, डॉक्टरबाईंना सगळं सांगणार आहे, त्या काय बोलायचं ते बोलोत. आणि पंधरा-वीस दिवसांनी वर तुमच्या घरापर्यंत ओरडणं ऐकू आलं, पोळीवरून, दारावरून, धुळ्यावरून, तर घाबरून खाली धावत येऊ नका. नाडी बरी चालली आहे, एवढं समजा. — या, बाईजी, टेका. मान मागं. हं. बघा, लताबाई, खालची पापणी अशी — एकच — मिटा डोळा. आणि हे बोट. इथं. हाड लागतं बघा हाताला, त्याच्या आत. हा दाब. एवढा. — दुखतंय का, बाईजी? नाही ना?

अहो, मी दाबलंय, बाईजी. खरंच दाबलंय, तुम्ही कशाला हात — लताबाई, माझ्या बोटावर त्यांनी आपलं बोट ठेवलंय. थरथरतंय. विश्वास नाही म्हणून ठेवलंय की... असू द्या. ठेवा, बाईजी. तुम्ही जा आता, लताबाई, आबांची वेळ होईल, जाताना दार ओढून घ्या. मी उठणार नाही आणि बोलणारपण नाही आता. नऊ म्हणायचेत.